पलीकडच्या कडेने

खोक्यांच्या कारखान्यातून बायका संध्याकाळी कशा बाहेर पडतात ते फाटकाजवळ उभं राहून पाहावं, म्हणजे प्रत्येकीचं घर न जाता पाहून होतं. जिच्या घरी सून आहे ती चप्पल शोधत बसते. जिच्या घरी तान्हं मूल आहे तिच्या पायात चपला घंटेच्या आधीच असतात. जिचं सकाळी सासूशी वाजलेलं असतं ती दुसरीच्या डब्याचं झाकण लावून देते, तिसरीची पिन शोधते, जगाची कामं करते पण निघत नाही. मुकादमबाई मात्र यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नसत. दिवसभर ही बाई कापणीच्या यंत्रांमधून अशी सावकाश फिरे की जणू सगळी फरशी तिच्या नावावर आहे. आणि घंटा झाली की पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. घरी वाट बघणारं माणूस म्हणजे एक अंथरुणाला खिळलेले सासरे. सासऱ्यांसाठी कोणी एवढं धावत नाही.

धावण्याचं कारण रस्त्यात होतं.

मुकादमबाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर रात्रपाळीला. सगळे त्यांना पंपवाले म्हणत. म्हाताऱ्यांना दिवसा एकटं ठेवता येत नाही, म्हणून दिवसा ते घरी, रात्री ही घरी, असा संसार त्यांनी दोन पाळ्यांत वाटून घेतला होता. सकाळी कारखान्याची गाडी वस्तीवर येऊन बायकांना भरून नेई, आणि ती गेल्यावर पंपवाले घरी पोचत. संध्याकाळी मात्र गाडी नव्हती. बायकांनी कामावर वेळेवर यावं ही मालकाची गरज, घरी वेळेवर पोचावं ही बायकांची; तेव्हा मालकाने आपल्या गरजेपुरतं डिझेल जाळावं, यात त्याला काही वावगं वाटत नसे. त्यामुळे संध्याकाळी मुकादमबाई कारखान्याकडून वस्तीकडे चालत येत, ते वस्तीकडून पंपघराकडे चालत जात, आणि मध्ये ओढ्यावरच्या मोरीच्या आसपास दोघांची गाठ पडे. रस्त्याला दिवे नाहीत, फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना झुडपं. तिथे उभ्या उभ्या नवराबायको भेटत.

"बाबांनी दुपारची गोळी गालात धरून ठेवली," पंपवाले सांगत. "मी वळलो तशी कुंडीत टाकली."

"मग झाड गेलं असेल."

"उलट फुललंय. आता डॉक्टरांना विचारणार आहे, झाडाला दिवसातून किती वेळा द्यायची."

"पुरे. उशीर होतोय तुम्हाला."

एवढंच. फोन दोघांकडे होता, पण कारखान्यात तो कपाटात ठेवावा लागे आणि पंपघरात यंत्रांच्या घरघरीत "काय? काय?" यापलीकडे काही ऐकू जात नसे. फोनवर भाजी, गॅस, औषध एवढं होई. बिनकामाचं बोलायला फोन लावायचा तर दोघांनाही लाज वाटे. आठवड्यातून एक रात्र पंपवाल्यांना सुट्टी असे, तीही फुकट जाई. कारण त्या रात्री ते घुबडासारखे टक्क जागे आणि मुकादमबाई दिवसभर उभ्या राहिल्याने जेवता जेवता पेंगत. तेव्हा कोणी मुकादमबाईंना विचारलं असतं की तुमचा संसार कुठे आहे, तर त्यांनी मोरीकडे बोट दाखवायला हरकत नव्हती.

मग कारखान्याच्या वॉचमनला टेम्पोने उडवलं.

जीव वाचला, पाय राहिला तो वाकडाच. अंगात गडद निळा गणवेश, वेळ दिवेलागणीनंतरची, आणि बुवा तंद्रीत रस्ता ओलांडत होते. टेम्पोवाला शपथेवर सांगत होता, "दिसलाच नाही हो. धक्का बसला तेव्हा कळलं, माणूस आहे." तो खोटं बोलत नव्हता. मुकादमबाई दवाखान्यात जाऊन वॉचमनचा पाय बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट मालकाच्या केबिनमध्ये शिरल्या.

"चमकणारे पट्टे हवेत. अंगावर आडवेतिडवे घालायचे. सगळ्यांना."

"पट्टे?" मालक हसला. "बायका काय रस्ता खणायला चालल्यात?"

"घरी चालल्यात. उद्या सकाळी तुमच्याच गाडीत बसायला उरल्या पाहिजेत."

ही भाषा मालकाला कळली. आठवड्याभरात पट्ट्यांचं बोचकं आलं. पट्टे आले तसे नियमही आले, आणि ते मुकादमबाईंनीच केले. चालायचं ते समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या कडेने. एकामागे एक, गप्पा मारायला तिघीतिघी ओळीने पसरायचं नाही. सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मागे टॉर्च, तोही पायाशी धरलेला, गाडीवाल्याच्या डोळ्यांत नाही. आणि अंधारात रस्ता ओलांडायचा नाही म्हणजे नाही. ओलांडायचाच तर वस्तीच्या वळणावर गतिरोधक आहे, दिव्याचा खांब आहे, तिथे.

"आणि शिंक आली तर?" खळवालीने विचारलं. ही बाई खोक्यांना खळ लावायची. हात खळीत आणि तोंड गावात. "उजवीकडे शिंकायचं का डावीकडे?"

"तू पुढच्या बाईच्या पाठीत शिंक," मुकादमबाई म्हणाल्या. "म्हणजे एका ओळीत आहेस ते तरी कळेल."

नियम चोख होते. ज्याने कोणी असे नियम केले असते त्याला माणसाने शाबासकी द्यावी. फक्त मुकादमबाईंनी एक गोष्ट जमेस धरली नव्हती. कारखाना आणि वस्ती रस्त्याच्या एकाच अंगाला होती, आणि वस्तीकडे येताना तेच अंग उजवं पडे. बायका आधीही तिकडूनच चालत. त्यांना फक्त पसरायचं सोडून ओळीत यायचं होतं. जागा बदलायची पाळी आली ती जगात एकाच माणसावर. पंपवाले आजवर बायकांच्याच कडेने, गाड्यांकडे पाठ करून येत आणि पंपघराच्या फाट्यासमोर आले की अंधारातच रस्ता ओलांडत. उलट दिशेने जाणाऱ्या माणसाची उजवी कड पलीकडची असते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मुकादमबाईंना ते पहिल्या दिवशी मोरीपाशी आल्यावर कळलं.

रांग ऐटीत चालली होती. पुढे टॉर्च घेऊन त्या स्वतः. पलीकडून आवाज आला, "अगं ए, इकडे आहे मी!" आणि पाठोपाठ रस्ता ओलांडणाऱ्या पावलांचा आवाज. पंपवाले धापा टाकत समोर येऊन उभे. सुट्टीच्या रात्री त्यांना दिलेला पट्टा त्यांनी शहाण्यासारखा घातला होता, तेवढीच काय ती शिस्त.

चाळीसएक बायका मागे उभ्या. एकेकीला आठवडाभर झापून झापून ओळीत आणलेलं. मुकादमबाईंच्या डोळ्यांसमोर वॉचमनचा पाय आला की आपला मान आला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या ओरडल्या, "काय हे! सांगितलं होतं ना? जा आधी पलीकडे. नीट दोन्हीकडे बघून जा!"

"अगं, ओलांडू नको म्हणतेस आणि परत ओलांडायला लावतेस?"

मागे खसखस पिकली. खळवाली म्हणाली, "पंपसाहेब, दंड भरून टाका आणि सुटा."

पंपवाले हसले. "बरं, मुकादमबाई," म्हणाले आणि दोन्हीकडे बघून पलीकडे गेले. घरात ते त्यांना मुकादमबाई कधी म्हणत नसत.

नवऱ्याने ऐकलं नाही तर बायको काय करते हे सगळ्यांना माहीत आहे. ऐकलं तर काय करते, याचा अनुभव फार थोड्यांना असतो. पंपवाल्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते वस्तीच्या वळणावर, दिव्याखाली, गतिरोधकापाशी रस्ता ओलांडू लागले आणि पलीकडच्या कडेने मुकाट पंपघर गाठू लागले. मुकादमबाईंना वाटलं, दोन दिवस रुसतील, तिसऱ्या दिवशी येतील, मग आपण थोडं रागावू, थोडं नाही रागावणार. तिसरा दिवस गेला, आठवडा गेला. माणूस रुसलेला नव्हता. सुट्टीच्या दिवशी घरात तसाच हसतखेळत होता. तो नुसता नियम पाळत होता.

मोरीपाशी आल्या की मुकादमबाईंचे कान टवकारत. पलीकडे पावलं वाजत की नाही तेही कळायचं नाही, कारण मागे चाळीस जोड्या चपला. एकदा त्यांनी टॉर्च उचलून पलीकडे मारला. पंपवाल्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला, आणि जे तोंड बघायचं होतं तेच झाकलं गेलं. खळवाली मागून म्हणाली, "मुकादमबाई, टॉर्च पायाशी." आपलाच नियम आपल्याला ऐकवला गेला की कसं वाटतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. गाडी आली की तरी उजेड पडे. पण गाडी आली की त्यांना मागे वळून रांग बघावी लागे, कोणी बाहेर तर आली नाही ना. वळून पुढे बघेपर्यंत गाडी गेलेली असे आणि अंधार आधीपेक्षा दाट.

घरी पोचल्यावर त्या सासऱ्यांच्या उशाशी बसत.

"बाबा, हे काही म्हणाले का जाताना?"

"म्हणाला ना. तुला सांग म्हणाला."

"काय?"

म्हातारे छताकडे बघत आठवत. "काहीतरी होतं बुवा. चांगलं होतं. मी हसलो होतो."

एक शब्द पुरे होता: या हो इकडे. तो त्या बोलू शकत होत्या. पण वॉचमन रोज फाटकावर तो पाय ओढत सलाम करायचा, आणि त्या टॉर्च पायाशी धरून पुढे निघायच्या. आपण होऊन ज्याला पलीकडे धाडलं, त्याला अंधारातून परत बोलवायचं, आणि तेवढ्यात एखादा टेम्पो आला तर? त्यापेक्षा न दिसलेला बरा. दिवसभर त्या असं स्वतःला पटवत, आणि घंटा झाली की पटलेलं सगळं विसरून पदर खोचत.

थंडीच्या दिवसांत माल न्यायला एक नवा ट्रकवाला येऊ लागला. बोलका माणूस. खोक्यांचे गठ्ठे चढत असताना मुकादमबाई मोजणी करत उभ्या होत्या.

"ताई, तुमची रांग लई भारी दिसते बरं का," तो म्हणाला. "वळण घेतलं की लांबूनच सगळ्या झगमग. पूर्वी दुसऱ्यांचा माल घेऊन इथून जाताना जीव मुठीत धरायचो. कोण कुठून अंगावर येईल नेम नाही."

"पट्ट्यांची कमाल."

"आणि ते पलीकडून एकटे जातात ना, ते तर आणखीच. रोज हात करतात."

मुकादमबाईंची मोजणी चुकली. "कोण हात करतात?"

"ते हो, पट्टेवाले गृहस्थ. मनगटालाही पट्टीचा तुकडा बांधलाय त्यांनी. तुमची रांग समोर आली की हात वर करतात, असा. मला वाटलं मलाच करतात, म्हणून मी पण दोन दिवस हात केला." तो हसला. "मग लक्षात आलं, बघतात तुमच्या टॉर्चकडे."

"मनगटाची पट्टी आम्हाला तर कधी चमकताना दिसली नाही."

"तुम्हाला कशी दिसेल? ती ज्याचा दिवा त्यालाच दिसते. उजेड आला तसा आल्या वाटेने परत जातो. आमच्या दिव्याचा उजेड आमच्याच डोळ्यांत. तुमच्यासाठी ते तुमचे अंधारातच."

तुमचे, असं तो सहज म्हणून गेला. मुकादमबाईंनी गठ्ठे परत पहिल्यापासून मोजायला घेतले. म्हणजे इतके दिवस हा माणूस हात करत होता. उरलेला तुकडा मनगटाला बांधून, आपल्याला तो दिसावा म्हणून. आणि त्याच क्षणी आपण मागे वळून खळवाली ओळीत आहे का ते बघत होतो. नवऱ्याने केलेला हात रोज बघत होता कोण, तर परगावचा ट्रकवाला, ज्याला तो नकोही होता.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी विषय काढायचा ठरवलं आणि काढला नाही. काय सांगणार? तुमचा हात मला दिसत नाही, असं सांगितलं तर हा सरळ माणूस म्हणणार, मग उगीच कशाला करायचा, आणि थांबणार. न दिसणारा का होईना, हात चालू राहिलेला त्यांना हवा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक भरून उभा होता. मुकादमबाईंनी टॉर्च खळवालीच्या हातात दिला. "आज तू पुढे. माझा गुडघा धरलाय, मी ट्रकमधून येते."

"गुडघा?" खळवालीने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "सकाळी तर जिना दोनदोन पायऱ्यांनी चढलात."

"म्हणूनच धरलाय. ओळ मोडू देऊ नकोस."

ट्रकची केबिन उंच. काचेपुढे रस्ता पसरला आणि वळण घेताच उजव्या हाताला त्यांच्या बायका उजळल्या, पाठीवरचे पट्टे एकापुढे एक, हलत, जिवंत. आपण हे केलं, असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं. मग डाव्या कडेला, लांब, एक पट्टा.

आधी नुसता पट्टा होता. मग त्याला चाल आली, ती ओळखीची, डावा पाय किंचित आत टाकणारी. मग खांदे. थंडीने मफलर कानांवरून घट्ट गुंडाळलेला. तो घरी खुंटीवर असतो, माणसावर तो त्यांनी या वर्षी पाहिलाच नव्हता. चेहरा वाळल्यासारखा दिसत होता. दाढी केलेली होती. पंपघरावर यंत्रांपुढे बसायला जाणारा माणूस रोज संध्याकाळी दाढी कशाला करतो, असा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तर आलं तशी त्यांनी पुढच्या दांड्याला धरलं.

पंपवाल्यांनी मान वळवली. पलीकडच्या रांगेतल्या पहिल्या टॉर्चकडे बघितलं आणि हात वर केला. मनगट लख्ख चमकलं. तोंडाने काहीतरी म्हणत होते, ओठ हलत होते; रस्त्यापलीकडे खळवाली टॉर्च पायाशी धरून, मान खाली घालून, इमानेइतबारे ओळ सांभाळत होती.

मुकादमबाईंचा हात काचेला लागला.

"हॉर्न देऊ का, ताई?"

"नको. दचकतील." मग म्हणाल्या, "जरा हळू घ्या ना."

"हळूच आहे. मागे गाडी लागलीय."

ट्रक पुढे निघाला. खिडकीतून मागे वळून पाहिलं तर काळोख. तेवढ्या काळोखात तो माणूस कुठेतरी हात खाली घेत होता.

त्या रात्री त्यांनी फोन लावला. पलीकडे यंत्रं घरघरत होती.

"काय गं? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. तुम्ही आज काय म्हणत होता?"

"काय?"

"रस्त्यात! काय म्हणत होता?"

"कोण रस्त्यात? ऐकू येत नाही!"

"काही नाही. मफलर काढू नका," त्या ओरडल्या आणि शेजारीण जागी झाली असेल म्हणून फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी कारखान्यात नवा नियम आला. प्रत्येकीने मनगटाला पट्टीचा तुकडा बांधायचा. पंपघराच्या फाट्यापासून मोरीपर्यंत गाडी आली की पलीकडच्या बाजूचा, म्हणजे डावा हात वर करायचा. गाडीवाल्याला रांग नीट कळावी म्हणून.

"आणि फक्त फाट्यापासून मोरीपर्यंतच का?" खळवालीने विचारलं.

"तिथे जास्त अंधार असतो."

"अंधार सगळीकडे सारखाच आहे, मुकादमबाई."

"तिथे जास्त असतो म्हटलं ना!"

खळवाली काहीतरी बोलणार होती. तिने मुकादमबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि, तिच्या आयुष्यात फार कमी वेळा घडलेली गोष्ट, तिने विषय सोडला. मनगट पुढे करून म्हणाली, "बांधा. घट्ट बांधा, माझा हात बारीक आहे."

त्या संध्याकाळी पंपघराचा फाटा मागे पडला. मागून ट्रकचा उजेड रस्त्यावर सांडला. "हात!" खळवालीच ओरडली, आणि चाळीसएक हात वर गेले. मुकादमबाईंनी या खेपेला मागे वळून रांग पाहिली नाही. पलीकडे पाहिलं. ट्रक शेजारून धडधडत गेला, त्याच्या दिव्यांच्या उजेडात क्षणभर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, मफलर गुंडाळलेलं. मग ट्रकचा पिछाडीचा लाल दिवा तेवढा उरला. त्यांनी हात आणखी वर केला. खाली घ्यावासा वाटेना. मागच्या बायकाही न सांगता तशाच चालत राहिल्या, मोरीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे चढत असताना मुकादमबाईंनी मोजणी पूर्ण केली, परत एकदा पडताळली, पेन कानावर ठेवला. मग दोरीची गाठ तपासत म्हणाल्या, "काल हात दिसले का हो आमचे?"

"दिसले म्हणजे काय! शेतच्या शेत डोलावं तसे. मी तर क्लीनरला उठवून दाखवलं."

"आणि पलीकडचे?"

"ते उभेच राहिले की. हात वर धरून. पुतळ्यासारखे."

"अंधारात रस्त्याकडेला उभं राहायचं नसतं," मुकादमबाई फटकन म्हणाल्या. "साधी गोष्ट कळत नाही माणसाला. काय म्हणावं यांना." दोरीची गाठ पक्की होती, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "किती वेळ उभे होते?"

"ते कसं सांगू, ताई? मी पुढे निघून गेलो ना."